पाणी उतरल्यावर

(दृश्य : कृष्णा नदीवरचा आयर्विन पूल. पाणीपातळीची पट्टी.)

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला किती फूट?" 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. ऑगस्ट 2019 मध्ये आकडा 57 वर गेला होता. आकडा उतरू लागला की लोक खराटे, फावडी घेऊन घरात शिरतात. आणि इथून पुढचा धोका कुणी फुटांत मोजत नाही.

(दृश्य : गावभाग. उंबऱ्यापर्यंत गाळ. अनवाणी पाय.)

या मावशींचे पाय बघा. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. ओल्यात राहून कातडी पांढरी पडलीय. गाळात उंदरांचं, गुरांचं मूत मिसळलेलं असतं. त्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू अशाच भेगांतून आत शिरतो. डोळ्यांत शिंतोडा उडाला, तरी त्याला वाट मिळते.

गमबूट घाला, असं सांगणं सोपं. ज्याचा संसारच भिजला, तो गमबूट कुठून काढणार? मग निदान अनवाणी नको. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, आणि काम उरकलं की साबणाने पाय धुऊन बेचकी कोरडी पुसायची.

ताप बहुतेकदा 5 ते 14 दिवसांनी चढतो, कधी महिनाही लागतो. तोवर भिंती वाळलेल्या असतात, पूर विसरलेला असतो. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात आणि माणूस "व्हायरल असंल" म्हणत अंगावर काढतो. डॉक्टरांना एवढंच सांगायचं, "मी पुराच्या चिखलात काम केलंय." वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधावर भागतं. उशीर झाला तर मूत्रपिंडावर, यकृतावर बेततं.

(दृश्य : स्वयंपाकघर. गढूळ पाण्याची कळशी.)

गढूळ पाण्यात मेडिक्लोरचे (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनचे) थेंब टाकून उपयोग थोडा, कारण क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवायची, पाणी निवळलं की वरचं फडक्यातून गाळायचं, मग थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. गॅस पेटत असेल तर त्याहून बरं : खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळू द्यायचं. आणि एवढं करून माठात हात बुचकळून तांब्या भरला, तर सगळं मुसळ केरात. दांड्याचं ओगराळं ठेवा.

(दृश्य : परसातला निळा बॅरल.)

राहिला डेंगी. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामा करतात बरेच जण, पण घासत नाहीत. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या काठाशी, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी ती महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात.

मावशींनी हा बॅरल वर्षभर घासलेला नाही. त्या स्वतःच हसत सांगतात. आता काथ्या शोधताहेत.