क्रिएटिनिन वाढण्याआधी : प्रत्यारोपित किडनी आणि बीके विषाणू

मंडळी, ट्रान्सप्लान्ट झालेल्या घरात क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती नीट काम करते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. १.१ आला की घर निर्धास्त, १.४ आला की झोप उडाली. आज ज्या विषाणूबद्दल बोलायचं आहे, तो या आकड्याला सुरुवातीला धक्काही लावत नाही. ताप नाही, दुखणं नाही, लघवी व्यवस्थित होते, आणि आत नव्या किडनीत विषाणू वाढत असतो. क्रिएटिनिन हलतं तेव्हा बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून या विषाणूची वेगळी तपासणी करावी लागते आणि ती वेळेवरच करावी लागते. माझं आजचं मुख्य सांगणं हेच आहे.

१९७१ साली लंडनमध्ये सिल्व्हिया गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना किडनी बसवलेल्या एका सुदानी रुग्णाच्या लघवीत हा विषाणू सापडला. त्या रुग्णाची मूत्रवाहिनी अरुंद झाली होती. त्याच्या नावाची आद्याक्षरं बी. के., तीच विषाणूला मिळाली. त्याच वर्षी आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याची किडनी पहिल्यांदा यशस्वीपणे बसवली गेली. पुढची वीसेक वर्षं या विषाणूकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. नव्वदच्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी जोरकस औषधं आली, रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) कमी झालं, आणि बीकेमुळे किडनी खराब होण्याच्या घटना दिसू लागल्या.

एक प्रश्न मला आयांकडून वारंवार येतो. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत आया आणि बायका किती असतात, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. मुलाचा बीकेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आई बाजूला घेऊन हळूच विचारते, ‘डॉक्टर, माझ्या किडनीतून गेलं का हो हे?’ खरं उत्तर असं, की पुष्कळदा विषाणू दात्याच्या किडनीबरोबरच येतो. पण माऊली, हा विषाणू दहातल्या आठ-नऊ मोठ्या माणसांच्या शरीरात असतो. लहानपणी साध्या सर्दीसारखा येऊन जातो, किंवा आल्याचं कळतही नाही, आणि मग किडनीच्या व मूत्रमार्गाच्या पेशींत जन्मभर पडून राहतो. निरोगी माणसाला त्याचा त्रास नसतो. तुम्ही न देता दुसऱ्या कुणी दिली असती, तरी बहुधा त्या किडनीतही तो असताच. यात तुमचा काडीचाही दोष नाही.

तो उठतो तो औषधांमुळे. परकी किडनी शरीराने स्वीकारावी म्हणून आपण प्रतिकारशक्ती दाबतो, आणि त्याला धाकात ठेवणाऱ्या पेशीही दबतात. आधी तो लघवीत दिसतो, काही आठवड्यांनी रक्तात, आणि मग किडनीच्या नलिकांना सूज येऊन व्रण पडू लागतात. लघवीत सापडला म्हणजे आजार झालाच, असं नाही. पुष्कळांच्या बाबतीत तो तिथेच थांबतो. रक्तात आला की मात्र आम्ही सावध होतो.

आता नीट ऐका, कारण सगळी गुंतागुंत इथे आहे. क्रिएटिनिन वाढलं, तर कारण रिजेक्शन असू शकतं आणि बीकेही असू शकतं. रिजेक्शन असेल तर औषध वाढवायचं, बीके असेल तर कमी करायचं. अंदाजाने रिजेक्शन समजून स्टेरॉईडची इंजेक्शनं दिली आणि निघाला बीके, तर विषाणूला मोकळं रानच मिळालं. म्हणून आम्ही बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं, सांगतो. ‘पुन्हा सुई कशाला?’ असं नातेवाईक म्हणतात, त्यांची भीती मी समजू शकतो. पण सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा दोन्हींत सूज सारखीच दिसते. विषाणूच्या प्रथिनाला पकडणारा खास रंग वापरला आणि नलिकेच्या पेशींची केंद्रकं तपकिरी उठली, की पॅथॉलॉजिस्ट खात्रीने सांगू शकतो. त्यातही हा आजार किडनीत ठिकठिकाणी विखुरलेला असतो, एक तुकडा हुकू शकतो. म्हणून दोन तुकडे घेतात, आणि त्यांत किडनीचा आतला भागही यावा लागतो.

ही वेळ येऊ नये म्हणून रक्ताची बीके पीसीआर, म्हणजे रक्तात हा विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी, करायची. २०२४च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार पहिले नऊ महिने दर महिन्याला, नंतर दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन विनाकारण वाढलं, किंवा रिजेक्शनचा उपचार झाला, तर तेव्हाही. एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या हजारावर कॉपीज (प्रती) टिकून राहिल्या, किंवा आकडा एकदम दहा हजारांवर गेला, तर औषधं कमी करायची वेळ आली. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. दोन लॅबचे आकडे जुळतीलच असं नाही. तपासणी महाग आहे, हे मला माहीत आहे. पैसे कमी पडत असतील तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. लघवीतल्या फुगीर, काचेसारख्या केंद्रकाच्या ‘डिकॉय’ पेशी शोधण्याची तपासणी बरीच स्वस्त पडते. तिच्यावरून निदान पक्कं होत नाही, पण पहिली चाळणी म्हणून ती चालते. काहीच न करण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी.

बीकेला मारणारं खात्रीचं औषध आजही नाही. लेव्होफ्लॉक्सासिनचा बराच गाजावाजा झाला, पण नीट चाचणी घेतल्यावर त्याने बीके टळत नाही असं दिसलं. आमच्या हातात एकच गोष्ट आहे : मायकोफेनोलेट साधारण निम्मं करायचं किंवा टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल खाली आणायची, दर दोन ते चार आठवड्यांनी कॉपीज मोजायच्या आणि क्रिएटिनिनवर डोळा ठेवायचा. विषाणू उतरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. या काळात रिजेक्शनचा धोका असतो, त्यामुळे घरच्या घरी गोळ्या कमी करू नका. आणि ‘प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून विषाणू आला’ हे ऐकून गुळवेलीचा काढा सुरू करणारे मी पाहिले आहेत. तुमच्या बाबतीत प्रतिकारशक्ती आंधळेपणाने वाढवणं म्हणजे रिजेक्शनला आमंत्रण. कृपा करून ते करू नका.

बोनमॅरो ट्रान्सप्लान्ट झालेल्यांत हाच विषाणू मूत्राशयाला धरतो. लघवीतून रक्त, गाठी, असह्य वेदना. तो वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल.

एवढं करूनही काहींची किडनी जाते. त्यांना वाटतं, आता आयुष्यभर डायलिसिस. तसं नाही. रक्तातला विषाणू गेल्याची खात्री करून दुसरं प्रत्यारोपण करता येतं आणि ती किडनी चांगली चालते. बीके परत येऊ शकतो, म्हणून त्या वेळीही पीसीआर पहिल्या महिन्यापासून सुरू करतात.