कागदाची जाडी : जुन्या अंकातलं विमान जोडण्याआधी

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'जुन्या मासिकातलं कागदी विमान : कापण्यापासून जोडण्यापर्यंत'. कापण्यापर्यंत नक्की पोचू. जोडण्याचं मात्र समोरच्या घड्याळावर आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी कामट्यांचा आकाशकंदील केलेला असणार, त्यामुळे खळ म्हणजे काय आणि घडीवर कागद का फाटतो हे सांगण्यात वेळ घालवत नाही.

घरी येणाऱ्या अंकातून काहीतरी कापून उभं करायचं, ही हौस जुनी आहे. फ्रान्सच्या एपिनाल गावात पेलेरां यांचा छापखाना १७९६ पासूनचा. तिथून एकोणिसाव्या शतकात घरं-देवळं जोडायचे तक्ते निघत. अमेरिकेत 'लेडीज होम जर्नल'मध्ये १९०८ पासून शीला यंग यांची लेटी लेन ही कागदी बाहुली कपड्यांसकट येऊ लागली. ब्रिटनमध्ये १९४१ साली, ऐन युद्धात, 'मायक्रोमॉडेल्स'ची पोस्टकार्डाएवढी कार्डं सुरू झाली. पण आज आपल्याला जायचंय पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियात, आणि तेही १९५७ सालात. वॉर्सातून 'मावी मोदेलाश' म्हणजे 'छोटा मॉडेलवाला' हे मासिक निघालं ते याच वर्षी, आणि प्रागमधून 'आबेत्से' निघालं तेही याच वर्षी. आबेत्से म्हणजे ए-बी-सी. चेक लोक ते तसं म्हणतात, मी काही करू शकत नाही. पहिल्यात विमानं, रणगाडे, जहाजं. दुसऱ्यात विज्ञान, निसर्ग, आणि मधल्या पानावर कापायचं मॉडेल. त्यातले रिखार्ड विश्कोव्स्की या वास्तुविशारदाचे गढ-किल्ले बघाल तर दिवाळीतला मातीचा किल्ला विसराल. अर्थात त्यावर आळीव पेरता येत नाहीत, एवढं एक न्यून.

आता पोलिश अंक हातात आला की पहिला घोळ भाषेचा. 'व्रेंगा' म्हणजे आतली आडवी चौकट, 'टेक्तुरा' म्हणजे पुठ्ठा. भागाच्या आकड्याशेजारी तारका असली तर मागून पुठ्ठा लावायचा. किती जाड, ते सूचनांच्या पानावर. एवढं कुणीही लावतं. घोळ होतो तो दोन अक्षरांवर. बारा नंबरचे दोन भाग असतात, एकावर 'एल', दुसऱ्यावर 'पी'. 'एल' म्हणजे 'लेवा', डावा. 'पी' म्हणजे 'प्रावा', उजवा. चेकमध्येही तसंच. पण आपण इंग्रजीत वाढलेलो. जहाजांचा नाद असलेल्या माणसाला 'पी' दिसला की तो म्हणतो पोर्ट, आणि पोर्ट म्हणजे डावी बाजू. मग 'एल' कशाचा? (सभागृहातून : 'लेफ्ट!') बरोबर, लेफ्ट. म्हणजे दोन्ही डावे! इथे माणूस थांबेल की नाही? नाही थांबत. तो म्हणतो, एल म्हणजे लोअर असेल, आणि पुढे जातो. मोठ्या भागांना चूक लगेच कळते. जहाजाची 'पी' बाजू डावीकडे लावली तर नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, जाते मागे आणि खिडक्यांची रांग शेपटाकडून सुरू होते. छोट्या भागांना कळत नाही. विमानाच्या चाकांचे पाय मुळात पुढे कललेले. डावा-उजवा बदलला की तेच मागे कलतात, आणि सगळं विमान मागे बसायला निघालेल्या म्हशीसारखं दिसतं. गोंद वाळल्यावर लक्षात येतं. म्हणून कापण्याआधी प्रत्येक भागाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने मराठीत 'डा' आणि 'उ' लिहा. मागच्या बाजूला, म्हणजे जोडल्यावर दिसत नाही.

दुसरं गाऱ्हाणं बायंडिंगचं. बांधलेले जुने खंड दिसायला देखणे, पण बायंडर कडा सारख्या करायला तीन-चार मिलीमीटर कापून टाकतो आणि पानाच्या काठावरची चिकटवायची जीभ त्यात जाते. शिवण मधल्या पानावरूनच जाते, तिथे पंखाचं मूळ असतं. आणि 'आबेत्से'तले मोठे किल्ले अंकाअंकांतून तुकड्यांनी येत. सगळे अंक आहेत, फक्त एकाचं मधलं पान कुणीतरी सुबक ब्लेडने काढून नेलंय, असा खंड मिळाला की त्या माणसाच्या हाताचं कौतुक करावं की त्याला शोधावं कळत नाही. तुम्ही तो माणूस होऊ नका. मूळ पान कापायचं नाही. स्कॅन करायचं, तीनशे डीपीआयला, बारीक रेघा असतील तर सहाशेला. पानाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून स्कॅन करा, म्हणजे माप चित्रातच येतं. छापताना 'फिट टू पेज'ची खूण काढा. ती राहिली तर शंभर मिलीमीटरचे सत्त्याण्णव होतात. सगळी पानं सत्त्याण्णव झाली तर एक वेळ चालेल. एक पान शंभर आणि एक सत्त्याण्णव झालं की पंख आणि धड यांची सोयरीक जमत नाही. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने कागद किंचित आक्रसतो, तोही तंतूंच्या दिशेप्रमाणे, म्हणून सगळी पानं एकाच दिशेने घाला. इंकजेटची शाई फेविकॉलच्या पाण्याने पसरते. आधी मॅट स्प्रेचे दोन हलके हात द्या.

आणि इथे मी ज्यासाठी आलोय तो मुद्दा. आरेखन करणारा माणूस आकार काढतो एका ठरावीक कागदासाठी. कागदाची जाडी हा मॉडेलचा एक न छापलेला भाग आहे. आपण फोटोकॉपी करतो, कागद पातळ वाटतो म्हणून मागे कार्डशीट चिकटवतो, आणि मग म्हणतो पोलिश लोकांना भूमिती येत नाही.

हिशेब करू. धडाची एक पट्टी घ्या, शंभर मिलीमीटर लांब. तिची नळी केली की व्यास शंभर भागिले 'पाय' (वर्तुळाचा ३.१४), म्हणजे ३१.८३. पण हा व्यास कागदाच्या जाडीच्या मधोमध मोजलेला. आतला व्यास त्यातून जाडी वजा करून मिळतो. कागद ०.२ मिलीमीटरचा असेल तर आत ३१.६३, आणि आतली चौकट तेवढीच काढलेली असते. तुम्ही कार्डशीट लावून जाडी ०.३५ केलीत की आत उरले ३१.४८. चौकट दीड दशांशाने मोठी झाली. दीड दशांश म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? त्याला पायने गुणा. परिघावर जवळजवळ अर्धा मिलीमीटर, आणि तो अर्धा मिलीमीटर पोटाखालच्या सांध्यात पांढरी फट होऊन दिसतो. असे आठ सांधे एका रेषेत आले की विमानाला शस्त्रक्रिया झाल्यासारखी दिसते. उपाय सोपा : पट्टीला हात लावू नका, चौकट पॉलिश पेपरवर घासून लहान करा, आणि नळीत न ढकलता सरकेपर्यंत घासत राहा.

खाचांचंही तेच. एकमेकांत अडकणाऱ्या चौकटींच्या खाचा एक मिलीमीटरच्या काढलेल्या असतात, आणि त्या एकात छापील कागदही धरलेला असतो. तुम्ही एक मिलीमीटरचा पुठ्ठा घेऊन त्यावर कागद चिकटवलात की झाले सव्वा. बळ लावून बसवलं तर सांगाडा पिळतो, आणि पिळलेल्या सांगाड्यावर कितीही छान कातडं चढवा, शेपूट वाकडीच. छोटं मॉडेल करणाऱ्यांनी तर हे लिहूनच घ्या. १:३३ चं, म्हणजे खऱ्याच्या तेहतिसाव्या भागाएवढं विमान १:५० ला छापायचं म्हणजे ६६ टक्के. मापं आपोआप कमी होतात, पुठ्ठ्याची जाडी होत नाही. ती तुम्ही दोन-तृतीयांश करायची.

तिसरी गोष्ट तंतूंची. कागदाची एक बाजू सहज वळते, दुसरी कुरकुरते. नळीचा अक्ष तंतूंना समांतर हवा, नाहीतर वळताना बारीक चिरा पडतात. पान मागून ओलं केलं की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, शंभरला एखादा मिलीमीटरही. म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवताना फेविकॉल पाणी घालून पसरू नये. घट्टच घ्यावा, जुन्या एटीएम कार्डाने पातळ ओढावा आणि जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवावा. खळ वापरणाऱ्यांनी चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर वर्षभरात विमान झुरळांच्या ताब्यात.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे'. अध्यक्षांनी खाली दोन रेघा मारल्यात.

तर जोडणी. पटापट. घडीच्या रेघा कापण्याआधी मारा, शाई संपलेल्या बॉलपेनने, पट्टी धरून. ब्लेडने मारलेली घडी पहिल्या दिवशी सुंदर आणि सहा महिन्यांनी फाटलेली. मग कापा, नव्या पात्याने. पातं बोथट झालं की कागद कापला जात नाही, ओढला जातो. मग कडा रंगवा. हे गोंदाच्या आधी, कारण गोंद लागलेली कड रंग पीत नाही. पांढरी कड राहिली की सगळा खेळ उघडा पडतो. पाण्याची रंगपेन्सिल पुरते, छटा छापलेल्या रंगापेक्षा जरा गडद.

धड चौकटीपासून चौकटीपर्यंत, मधून सुरुवात करून दोन्हीकडे. नाकापासून सुरू केलं तर सगळी चूक शेपटीत साठते. नाकाच्या पाकळ्या मागून किंचित दमट करून तळहातावर चमच्याच्या पाठीने फुगवा, मग एकेक पाकळी, दर वेळी वाळू द्या. पंखाची पुढची कड घडी नाही, गोलाई आहे. विणकामाच्या सुईवर वळवा. दोन पंखांचा कोन डोळ्यांनी नको. पुठ्ठ्याचे दोन सारखे त्रिकोण कापून खाली टेकू द्या आणि रात्रभर हलवू नका. पी-११ या पोलिश लढाऊ विमानाचा पंख पावणेअकरा मीटर, १:३३ ला साडेबत्तीस सेंटिमीटर. तेवढ्या लांबीत एका टोकाला दोन मिलीमीटरची चूक दारातून दिसते.

चाकं राहिली. चाक म्हणजे पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक, वाळल्यावर कडेला पातळ सुपरग्लू जिरवायचा, म्हणजे कागद घासताना पिंजत नाही, मग पॉलिश पेपर. खाली किंचित सपाट घासा, टायर दबल्यासारखा दिसतो. कॉकपिटची काच... अध्यक्ष उभे राहिलेत. काचेचं बाहेर टेबलापाशी सांगतो. तिथे अर्धवट जोडलेला एक सांगाडा ठेवलाय, तो उचलून बघा. फक्त शेपटीकडून धरू नका, तिथला गोंद अजून ओला आहे.