चार सुतांचा उतार

कुडाळजवळच्या एका वाडीतला हा मांगर, म्हणजे कौलारू शेड. बाहेर पावसाने धार धरलीय. आत, कौलांमधून येणाऱ्या उजेडात, मेस्त्री एक डोळा मिटून टेबलाचा पाय न्याहाळतायत.

पाय फणसाचा. लांबी २९ इंच, जाडी दीड इंच, चारही बाजूंनी सारखी. वरच्या पट्ट्या बसायच्या खाचा आधीच पाडून झाल्यात. लाकूड चौरस असतं तोवर ते बाकावर पक्कं बसतं, म्हणून खाचा आधी आणि रंधा नंतर. आता तळाशी हा दीड इंच एक इंचावर आणायचाय. अर्धा इंच काढायचा, म्हणजे सुताराच्या मापाने चार सूत.

उतार फक्त आतल्या दोन बाजूंना. बाहेरच्या दोन सरळच राहतात. त्यामुळे टेबल पाय रोवून उभं राहिल्यासारखं दिसतं, पण जड दिसत नाही.

आता रंध्याकडे बघा. पहिला हात अगदी तळाशी, जेमतेम वीतभर. दुसरा त्याच्या थोडा मागून. तिसरा आणखी मागून. प्रत्येक हात तळाच्या टोकापर्यंत जातो, सुरुवात तेवढी मागे सरकते. तळाकडे रंधा जास्त वेळा फिरतो, तिथलं लाकूड जास्त निघतं, आणि उतार धरत जातो. शेवटचा हात वरच्या खुणेपासून सुटतो तेव्हा सालपट दोन फूट लांब पडतं. हळदीसारखं पिवळं. काही वर्षांनी हेच लाकूड मधासारखं तपकिरी होईल. दक्षिणेत वीणा आणि मृदंगही फणसाच्याच लाकडातून कोरतात.

रंधा नेहमी जाड टोकाकडून बारीक टोकाकडे. उलटा मारला तर पातं लाकडाच्या रेषांच्या आत घुसतं आणि लाकूड 'उठतं', म्हणजे त्याचे तंतू उखडतात. त्यात फणसाची रेघ आडमुठी. काही ठिकाणी सुलट कुठली, उलट कुठली, तेच समजत नाही.

हा आवाज ऐका. सर्र, सर्र, आणि इथे खर्र.

मेस्त्री थांबले. पाचर सैल केली, पातं काढलं, दगडावर पाणी शिंपडून पाजळलं. नखावर धार बघितली. पातं पुन्हा बसवलं ते केसभर बाहेर ठेवून. हातोडीचा एक टोला, मग डोळा, मग अर्धा टोला. आता रंधा जरा तिरका धरलाय, आणि मघाशी उठलेली जागा गुळगुळीत निघतेय.

हे थांबणंच मुख्य दाखवायचं होतं. यंत्रावर असा पाय पटकन निघतो, पण रेघ कुठे फिरली हे मनगटाला कळतं, तसं तिथे कुणाला कळत नाही.

पहिली बाजू झाली. दुसऱ्या बाजूची खूण तिच्यावरच होती, ती रंध्याखाली गेली. पट्टी लावून पुन्हा आखायची, आणि पुन्हा तळापासून सुरुवात.

बाजारात तयार पाय मिळतात. असं काम मेस्त्रींकडे आता वर्षातून एखादं येतं. मुलगा गोव्यात नोकरीला आहे.

चौथा पाय. चारही बाकावर शेजारी शेजारी ठेवले, तळ एका रेषेत. मेस्त्री त्यांच्यावरून आडवं बोट फिरवतात. तिसऱ्यावर बोट अडतं.

मेस्त्री रंधा पुन्हा उचलतात.