गाळाने घडवलेलं तळं

श्रोतेहो, नमस्कार. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात, तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारनं एक बंधारा घातला. नांदूर मधमेश्वरचा बंधारा. दारणा धरणातून सोडलेलं पाणी इथं अडवायचं आणि दोन्ही काठांच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याच्या रानाला पोचवायचं, एवढाच त्याचा हेतू. पाखरांसाठी काही तो बांधलेला नव्हता.

पण पाणी संथ झालं की त्यातली माती खाली बसते. दर पावसाळ्यात गढूळ पाणी बंधाऱ्याशी येऊन थबकलं आणि गाळ साचत गेला. साठ्याची जागा घटली, तळं उथळ झालं, मधेमधे बेटं वर आली. बेटांवर पाणकणीस माजलं, पाण्यात शेवाळ आणि पाणवनस्पती वाढल्या, त्यांच्या आडोशाला मासे, शिंपले, किडे आले. त्यांच्यामागोमाग पाखरं आली. १९८६ साली इथं अभयारण्य झालं आणि २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ.

ज्याचा ऊस कालव्याच्या पाण्यावर उभा आहे, त्याला गाळ म्हणजे तूटच, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. तरी थंडीत सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहून पाहा. चमचा पक्षी जेमतेम गुडघाभर पाण्यात उभा असतो. चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून तो ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत पुढं सरकतो, गवतावर विळा चालावा तशी. चोचीला काही लागलं की ती मिटते. पाणी खोल असतं तर त्याला इथं उभंच राहता आलं नसतं. पलीकडे कमळपक्षी लांबलचक बोटं पसरून तरंगत्या पानांवरून चालतो, कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पक्षी थव्यानं पोहतात, उत्तरेकडून आलेले चक्रवाक आणि थापटे ही बदकं काठाशी ऊन खात बसलेली असतात.

मला काळजी वाटते ती जलपर्णीची. नाशिकचं सांडपाणी गोदावरीतून खाली येतं, त्यावर ती पोसते आणि मोकळं पाणी झाकून टाकते. चमच्यानं मग चोच बुडवायची कुठं? सांडपाणी शहरातच शुद्ध झालं पाहिजे, त्याला दुसरा उपाय नाही.

गोदावरीला पूर आला की ही बेटं पाण्याखाली जातात. दिवाळीच्या सुमाराला पाणी उतरतं, तेव्हा एखाद्या बेटाची कड खचलेली असते, एखादं हातभर वाढलेलं असतं, आणि त्या ओल्या, नव्या चिखलावर तुतवार पाखरांच्या पायांचे ठसे उमटलेले असतात.