शेकर पंथाचा ठेवा आज कुठे पाहायला मिळतो?

नमस्कार मंडळी. शिडीसारख्या पाठीची हलकी लाकडी खुर्ची, भिंतीवर खुंट्यांची लांबलचक पट्टी, तांब्याच्या बारीक खिळ्यांनी जोडलेले लंबगोल डबे... ही शेकरांची कारागिरी. ॲन ली १७७४ मध्ये मोजके अनुयायी घेऊन इंग्लंडहून न्यूयॉर्कला आल्या आणि हा ख्रिस्ती पंथ अमेरिकेत रुजला. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता आणि कामातच उपासना. पुढे नवे लोक येईनात, एकेक वस्ती बंद पडली आणि सामान पांगलं. म्हणून आज ते शोधावं लागतं.

एकच जागा बघणार असाल तर मॅसॅच्युसेट्समधलं हॅनकॉक, म्हणजे शेकरांची जुनी वस्ती आणि आताचं संग्रहालय, गाठा. बोस्टनकडच्या मराठी मंडळींना तर गाडीने जाता येईल. तिथे १८२६ चा गोल दगडी गोठा आहे. मधोमध गवताची गंजी, भोवती आत तोंड करून गाई. वरच्या मजल्यावर गाडी न्यायची आणि गवत थेट मध्ये लोटायचं. केवढा विचार केलाय बघा! वस्तू जिथे वापरली गेली तिथेच ती खरी कळते, असं मला मनापासून वाटतं.

तिथेच हॅना कोहून या शेकर बाईंचं १८५४ चं 'जीवनवृक्ष' हे चित्र आहे. इतक्या साध्या राहणीच्या माणसांनी असे भडक रंग वापरावेत? पण ही चित्रं सजावटीसाठी नव्हतीच. दृष्टान्तात मिळालेली देणगी म्हणून ती कागदावर उतरवली जायची.

केंटकीतल्या प्लेझंट हिलला शेकरांच्या जुन्या इमारतींत मुक्काम करता येतो. न्यूयॉर्क शहरात वेळ कमी असेल तर मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांची एक अख्खी खोली मांडलेली आहे.

आता लिखाण, ज्याकडे फार कमी लोक वळतात. रोजनिशा, पत्रं, भजनांच्या वह्या यांचा सर्वांत मोठा साठा क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. डेलावेअरच्या विंटरथूर संग्रहालयात अँड्र्यूज या संग्राहक दांपत्याने जमवलेला संग्रह आहे. मेन राज्यातल्या सॅबथडे लेकचं ग्रंथालय मात्र वेगळं, कारण तिथे शेकर अजूनही राहतात, अगदी बोटांवर मोजण्याइतके.

भारतात बसून सुरुवात करायची असेल तर हॅमिल्टन कॉलेजच्या डिजिटल संग्रहात शेकरांचं मासिक उघडा. १८७१ ते १८९९ चे अंक आहेत, त्यांच्या गाण्यांच्या स्वरलिप्यांसकट.