स्टँडातल्या बेवारस सायकली

(पडद्यावर: बेळगावातला एक सायकल स्टँड, सकाळची वेळ, पाऊस)

लांबून बघितलं तर स्टँड फुल्ल. पण आत या, मागच्या रांगा बघा की, दोन्ही टायर बसलेत, चेन गंजून लाल झालीय, एकीची सीटच गायब, एकीच्या स्पोकातून वेल पार हँडलपर्यंत चढलाय. आणि जो माणूस रोज सायकल चालवतो त्याला जागा नाही, तो गटारीकडेच्या खांबाला साखळी घालून कामाला पळतो.

या सायकली काय आभाळातून पडल्या नाहीत. येळ्ळूर, मजगाव, पिरनवाडी, मच्छे, इथनं उद्यमबागच्या फाउंड्रीत शिफ्टला जाणारी माणसं सायकलीवरच जायची, मग हप्त्यावर गाडी आली आणि सायकल जिथं होती तिथंच राहिली. त्यात २००६-०७ पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या पोरांना सायकली दिल्या, फार चांगली योजना, किती पोरी त्यामुळं हायस्कूलला जाऊ शकल्या. पण पोरगी कॉलेजला गेली, लग्न होऊन गेली, सायकलीचं पुढं काय, ते कुणीच ठरवलं नव्हतं.

मालक शोधायचा तर कसा? सायकलीला आरटीओचा नंबर नसतो. पूर्वी नगरपालिका पट्टी घेऊन पितळी बिल्ला द्यायच्या, तेही बंद झालं. फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो, बहुतेक पायडलच्या एक्सलखाली, पण बिल कुणी जपून ठेवलंय?

म्हणून सरसकट ट्रकात भरा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. एखादा खानापूरहून रेल्वेनं येतो आणि इथनं पुढं सायकलनं जातो, त्याची सायकल रोज रात्री इथंच असते. एखादा गोव्याला कामाला गेलाय, गणपतीला येणार. धूळ बसली म्हणजे सायकल टाकून दिली असं होत नाही.

टाकून दिलेली सायकल कुठली हे ओळखायला साधा उपाय आहे. टायरवर आणि खाली फरशीवर जुळती खडूची रेघ मारायची, सायकल हलली की रेघ चुकते. पण आपल्या पावसात खडू टिकतोय कुठला, म्हणून हँडलला तारेनं प्लॅस्टिकचा टॅग बांधायचा, वर तारीख, मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हीत, कारण ज्या म्हाताऱ्याची सायकल आहे त्याला नोटीस वाचता आली पाहिजे.

(पडद्यावर: टॅग बांधणारे हात)

बाहेर हे कधीच सुरू झालंय. जपाननं १९८० मध्ये यासाठी खास कायदा केला. तिथं उचललेल्या सायकलीची जाहीर नोटीस लागते आणि सहा महिन्यांत कुणी आलं नाही तर ती नगरपालिकेची होते. नेदरलँड्समध्ये उट्रेक्ट स्टेशनखाली १२,५०० सायकलींचा स्टँड आहे, तिथंही २८ दिवसांच्या वर सायकल ठेवता येत नाही.

आपल्याकडं पण वाट आहे. पोलिसांकडं जमा झालेल्या बेवारस वस्तूसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेट जाहीरनामा काढू शकतात, हक्क सांगायला सहा महिने. त्यानंतर विक्री होऊ शकते, आणि खरी भीती तिथंच आहे, सगळा लॉट किलोच्या भावानं भंगारात जायची. त्याआधी एक मिस्त्री बोलवा, त्याला दाखवा. गंजलेली दिसली तरी फ्रेम बहुतेक शाबूत असते, रीम या सायकलीची, फ्रीव्हील त्या सायकलीचं, छर्रे, ब्रेक आणि ट्यूब नवीन, असं करून दोन-तीन मेलेल्यांतून एक चालती सायकल उभी राहते. खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावांत एसटी चुकली की पोरं शाळेला चालत जातात, या सायकली तिकडं गेल्या पाहिजेत, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय.

फक्त सुरुवात वेळेवर हवी. पाऊस संपला की दसऱ्याला टॅग, महिनाभर वाट बघून दिवाळी झाली की पोलिसांकडं जमा, तिथनं सहा महिने धरले तर मे उजाडतो, आणि जूनच्या तोंडावर शाळा उघडायच्या आत मिस्त्रीला पंधरा दिवस मिळतात.