रिकाम्या जागेमागची बाइक

सकाळचे सहा. ब्लड कॅन्सरने गेलेल्या आपल्या दोस्ताच्या आठवणीत दरवर्षी काढतो ती राइड. साठेक बाइक रांगेत उभ्यात आणि अजून एकही इंजिन सुरू नाही. टाक्या आदल्या रात्रीच फुल करायच्या असा निरोप होता, कारण मधे एक जण जरी पेट्रोलला थांबला तरी अख्खी रांग तुटते.

राइडची फी भरून स्टिकर घेतला की पुढे स्टेम सेल डोनरच्या नोंदणीचं टेबल लागतं. तिथे काकू बसल्यात, त्या दोस्ताची आई. फीचे पैसे पेशंटच्या उपचारांना जातात, पण काकूंचा जीव या टेबलात आहे. ब्लड कॅन्सरच्या बऱ्याच पेशंटना स्टेम सेल ट्रान्सप्लांट लागतो, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी घ्याव्या लागतात, त्यासाठी टिश्यू जुळणारा डोनर हवा, आणि सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळायचा चान्स पण २५ टक्केच, मग अनोळखी माणसांत शोधावं लागतं. आपल्या दोस्ताला कुणी सापडलंच नाही. नोंदणीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की झालं. पण काकू स्पष्ट सांगतात, "बाळा, उद्या फोन आला आणि तू मागे सरणार असशील तर आत्ताच नाही म्हण. तिकडे कुणाची तरी आई वाट बघत असते रे."

मग स्टँड वर, आणि साठ इंजिनं एकदम.

पुढे लीड रायडर, सगळ्यात मागे स्वीप, म्हणजे कुणी मागे राहत नाही ना ते बघणारा, मधे आम्ही एक आड एक, तिरक्या ओळीत. बरोब्बर पुढच्या बाइकपासून दोन सेकंद, तिरप्यापासून एक. फक्त लीडच्या शेजारची जागा रिकामी. याला मिसिंग मॅन फॉर्मेशन म्हणतात, मूळ पद्धत वैमानिकांची, गेलेल्या साथीदारासाठी विमानांच्या रचनेत एक जागा मोकळी सोडायची. १९८८ पासून वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांसाठी रोलिंग थंडर राइड निघायची, आठवणीसाठी बाइक काढणारे असे खूप जण आहेत जगात.

त्या रिकाम्या जागेच्या मागची बाइक माझी.

लांबून वाटतं सोप्पं आहे, जागा सोडायची आणि चालवायचं. पण समोर टेललाइट नसली की नजरेला धरायला काही राहत नाही, मनगट आपोआप थ्रॉटल पिळतं, रस्त्यावरची गाडी दिसली फट की घुसायला बघते, आणि स्लो ट्रॅफिकमधे क्लचवरचा हात भरून येतो तरी अंतर तेवढंच ठेवायचं. वळणावर सगळे एकामागोमाग एक होतात, तेव्हा पण लीड गेला की एका बाइकइतकी जागा सोडायची, त्याचा नंबर असतो तो, आणि मगच मी. पहिल्या वर्षी मी एका सिग्नलनंतर नकळत पुढे सरकून ती जागा भरली होती. कुणी काही बोललं नाही. ते अजून खुपतं मला.

शेवटच्या थांब्यावर इंजिनं बंद, हेल्मेट काढलेली, एक मिनिट शांतता. तापलेल्या सायलेन्सरचा टिकटिक आवाज तेवढा येत राहतो. लीडने बाइक लावली, मी माझी लावली, आणि दोघांच्या मधे एका बाइकची जागा तशीच राहिली, मागून येणारा प्रत्येक जण ती सोडून पुढे जाऊन लावत होता.